‘नेट नाही’ : दुखणे नेमके कुठे?

तापाने फणफणलेल्या मुलाला कडेवर घेऊन आई उपकेंद्रात येते. समुदाय आरोग्य अधिकारी ‘ई-संजीवनी’वरून मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांशी बोलणे जोडून देण्याच्या तयारीत असतात. पण पडद्यावर नुसते गोल चक्र फिरत राहते. ‘आज नेट नाही, उद्या या’ असे सांगावे लागते. आईची उद्याची मजुरी बुडते किंवा तिला आजच एसटीने तालुक्याचे ठिकाण गाठावे लागते. असेच चक्र रेशन दुकानात, सेतू केंद्रात, बँकेच्या शाखेत आणि पीकविम्याचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीही फिरत असते.

२०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजारांच्या आसपास आहे आणि त्यातील दर पाच माणसांपैकी चार खेड्यांत राहतात. देशातील ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. हीच योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘ई-संजीवनी’ सुरू झाली आणि डॉक्टरांचा सल्लाही या तारांवर अवलंबून राहू लागला. तार गावात आली, पण ती बिघडल्यावर काय पाहायचे हे सांगणारे कोणी तिच्यासोबत आले नाही. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून तंत्रज्ञ येईपर्यंत एक-दोन दिवस जातात. तो येऊन एखादी सैल पिन घट्ट बसवतो किंवा अडॅप्टर बदलतो आणि निघून जातो.

‘नेट नाही’ हे एका आजाराचे नाव नाही. ‘अंग दुखते’ म्हणण्यासारखे ते केवळ लक्षण आहे. त्यामागे निदान पाच वेगळ्या जागी बिघाड असू शकतो : आपला संगणक किंवा मोबाईल, तिथून राऊटरपर्यंतची तार किंवा हवा, राऊटरचा डबा, बाहेरून येणारी लाईन आणि पलीकडच्या टोकाचा सर्व्हर. दोष यांपैकी कुठे आहे हे शोधायला इंजिनिअर लागत नाही. क्रम मात्र पाळावा लागतो.

आधी तीन प्रश्न

चांगला डॉक्टर स्टेथोस्कोप लावण्याआधी विचारपूस करतो. इथेही तीन प्रश्न आधी विचारावेत.

पहिला प्रश्न : त्रास कोणाकोणाला आहे? एकाच संगणकावर नेट नसेल आणि शेजारच्या मोबाईलवर त्याच वायफायने चालत असेल, तर राऊटर आणि बाहेरची लाईन दोन्ही ठणठणीत आहेत. कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. सगळ्यांचेच बंद असेल तर दोष राऊटरपाशी किंवा त्यापलीकडे आहे. या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

दुसरा प्रश्न : कशावर चालत नाही? एकच संकेतस्थळ उघडत नसेल आणि बाकीची उघडत असतील, तर आपल्याकडे काहीही बिघडलेले नाही. पलीकडचा सर्व्हर थकलेला आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होते. बिघाड कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात झाला होता. घरातला राऊटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी त्या सहा तासांत उपयोग होणार नव्हता.

तिसरा प्रश्न : केव्हापासून आणि त्याआधी काय बदलले? काल रंगकाम झाले, टेबल सरकवले, नवा प्रिंटर आला, पासवर्ड बदलला, रात्री विजा कडाडल्या किंवा रस्त्यावर खोदकाम सुरू झाले, यांपैकी एखादे उत्तर बहुतेक वेळा मिळते.

या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत एकही बटण दाबू नये. दाबायला सुरुवात केली की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट सुरू झाले, तर कशामुळे सुरू झाले ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

डब्यावरचे दिवे

फायबरची जोडणी असलेल्या ठिकाणी भिंतीवरच्या डब्यावर चार-पाच बारीक दिवे असतात. ते शोभेसाठी नसतात. ‘पॉवर’चा दिवा वीज पोचत असल्याचे सांगतो. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल तर फायबरमधून येणारा प्रकाश ठीक आहे. ‘एलओएस’ हा दिवा लाल झाला तर प्रकाश पोचतच नाही असा अर्थ होतो. मग घरात काहीही करून उपयोग नाही. फक्त फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक दोरी कुठे दुमडली गेली आहे का, कपाटामागे दबली आहे का, एवढे पाहावे.

हे दुमडणे इतके महत्त्वाचे का? फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाएवढी. त्यातला प्रकाश वाहून नेणारा गाभा तर केवळ ९ मायक्रॉनच्या आसपास असतो. प्रकाश या गाभ्याच्या भिंतीवर आपटत, आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. तंतू फार वाकवला की परावर्तनाचा कोन बिघडतो आणि प्रकाश बाहेर गळतो. त्यामुळे फायबरचे वेटोळे चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान करू नये. टोकावरची पिन उगाच काढू नये. बोटाचा तेलकटपणा किंवा धुळीचा एक कणही त्या गाभ्यासमोर धोंड्यासारखा असतो. पिनेच्या तोंडात डोळा लावून पाहू तर मुळीच नये. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

तंत्रज्ञ आपल्या यंत्रावर उणे २० किंवा उणे २५ असा आकडा पाहतो. तो येणाऱ्या प्रकाशाची ताकद सांगतो. घरोघरच्या फायबरमध्ये सर्रास वापरली जाणारी यंत्रे साधारण उणे २७ पर्यंत तग धरतात. उणे २७ म्हणजे एका वॉटच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट प्रकाश. आकडा उणे २६ वर असेल तर आज नेट चालेल, पण वाऱ्याने तार हलली की जाईल. दुरुस्तीनंतर तंत्रज्ञाला हा आकडा विचारून लिहून ठेवावा. पुढच्या तक्रारीत तो उपयोगी पडतो.

सगळे दिवे लागतात आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी डबा आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो, अशीही तक्रार असते. तिथे संशय आधी अडॅप्टरवर घ्यावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत अडॅप्टर तापून तापून आतले कपॅसिटर सुकतात. थोड्या भारावर तो दिवे लावतो, पण काम वाढले की व्होल्टेज पडते. जुन्यावर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर पाहून तसाच दुसरा लावावा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. ॲम्पिअर थोडे जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

तारेचे दुखणे

राऊटरपासून संगणकापर्यंत जाणाऱ्या लॅन केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा असतात. त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. हा पीळ उगाच नाही. शेजारच्या विजेच्या वायरमधून येणारा गोंधळ जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होऊन जातो. पिना ठोकताना पीळ दीड-दोन इंच उलगडून ठेवला तर हे संरक्षण तिथे संपते. लॅन केबल आणि विजेची वायर एकाच पट्टीतून नेणेही म्हणूनच टाळावे. दोन्हींत निदान फूटभर अंतर ठेवावे. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

एक नेहमीची तक्रार अशी : प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण संगणकावर वेग ९५ च्या वर जातच नाही. वेग शंभराच्या आत अडला की दोष तारेत असण्याची शक्यता मोठी. १०० एमबीपीएसला आठपैकी चार तारा पुरतात. त्यापुढच्या गिगाबिट वेगाला आठही लागतात. एखादी तार आत तुटली किंवा पिनेत नीट बसली नाही, तर दोन्ही टोकांची यंत्रे आपसात ठरवून खालच्या वेगावर येतात. नेट चालते, म्हणून कोणाला संशय येत नाही. जुना स्विच मुळातच १०० चा असेल तरीही असेच दिसते, म्हणून त्यावरचा आकडाही पाहून घ्यावा.

पिन ठोकताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच हवा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबलची लांबी १०० मीटरच्या आत हवी. शाळेच्या कार्यालयापासून मैदानापलीकडच्या संगणक कक्षापर्यंत १३० मीटर केबल ओढली, तर ती कधी चालेल, कधी चालणार नाही. असा अधूनमधूनचा आजार शोधायला सर्वांत अवघड. बाजारात स्वस्त मिळणारी केबल पुष्कळदा ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ती वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर दम तोडते. उंदीर आणि खार यांचे दात तर कोणत्याही केबलला चालतात.

तपासणीचा उपाय साधा आहे. चांगली चालणारी, आखूड लॅन केबल घरात एक राखून ठेवावी. संशय आला की संगणक थेट राऊटरला त्या केबलने जोडावा. चालले तर जुनी केबल दोषी, नाही चालले तर केबल निर्दोष.

हवेतले दुखणे

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. भारतात त्यासाठी प्रामुख्याने २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ हे दोन पट्टे वापरले जातात. पहिला लांब पोचतो, भिंती जास्त भेदतो, पण त्यात गर्दी असते. दुसरा वेगवान, पण एक-दोन भिंतींत थकतो. राऊटरवर दोन नावे दिसत असतील आणि त्यातल्या एकापुढे ‘५ जी’ असेल, तर तो मोबाईलचा फाइव्ह-जी नव्हे. ते फक्त ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायचे नाव आहे. राऊटर आहे त्याच खोलीत ५ चे वायफाय वापरावे, लांबच्या खोलीत २.४ चे.

घर कशाचे आहे यावर बरेच अवलंबून असते. लाकडी दार लहरींना फारसे अडवत नाही. विटांची भिंत थोडे अडवते. जुन्या वाड्याची हात-दीड हात रुंदीची दगडमातीची भिंत बरेच अडवते आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखी. पत्रा तर लहरींना पार परतवून लावतो. सिमेंटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळयांची जाळी असते आणि तीही लहरींची वाट अडवते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून तयार होणारी सळई ठिकठिकाणच्या स्लॅबमध्ये जाते. तीच सळई तळमजल्यावरच्या राऊटरचे वायफाय वरच्या मजल्यावर अर्धेमुर्धे पोचू देते.

त्यामुळे राऊटर कुठे ठेवला हा प्रश्न तो किती महागाचा यापेक्षा मोठा ठरतो. लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागे, फ्रिजवर किंवा जमिनीलगत ठेवलेला राऊटर निम्मी ताकद वाया घालवतो. तो घराच्या मध्याजवळ, डोक्याच्या उंचीवर, मोकळा ठेवावा. मोबाईलवरच्या वायफाय मोजणाऱ्या ॲपमध्ये सिग्नल उणे आकड्यांत दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओवर बोलता येते, उणे ८० ला नाव दिसते पण काम होत नाही. या आकड्यात ३ ची घट म्हणजे ताकद निम्मी आणि १० ची घट म्हणजे दहावा हिस्सा. राऊटर चार हात सरकवून आकडा उणे ७५ वरून उणे ६५ वर आला, तर ताकद दहापट वाढली.

दुसरा त्रास गर्दीचा. २.४ च्या पट्ट्यात १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न धडकणारे तीनच : १, ६ आणि ११. बाजारपेठेतल्या एका इमारतीत वीस दुकानांचे वीस राऊटर असतील तर सगळे या तिघांत दाटीवाटीने बसतात. वायफायचा नियम सभेसारखा आहे, एका वेळी एकानेच बोलायचे. बाकीचे थांबतात आणि सगळ्यांचेच नेट ‘स्लो’ होते. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. तो चालू असताना शेजारचे नेट अडखळू शकते. अशा ठिकाणी चॅनेल बदलून पाहावा किंवा ५ च्या पट्ट्यावर जावे. संगणक कायम एका जागी असेल तर सरळ लॅन केबल लावावी. जो संगणक हलत नाही त्याला हवेवर ठेवण्याचे कारण नाही.

लांबच्या खोलीसाठी बरेच जण रिपीटर आणतात. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जिथे सिग्नल आधीच मेलेला आहे तिथे तो लावला तर मेलेलाच सिग्नल पुढे पाठवतो. तो अर्ध्या वाटेवर, सिग्नल अजून चांगला असलेल्या जागी लावावा. शक्य असेल तर लॅन केबल ओढून तिच्या टोकाला दुसरा वायफायचा डबा बसवावा.

जोडले आहे, पण चालत नाही

वायफायचे चिन्ह पूर्ण, पण खाली ‘इंटरनेट नाही’ असा संदेश. इथे बहुतेक जण पासवर्ड पुन्हा टाकत बसतात. दोष बहुधा पत्त्याचा असतो. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक क्रमांक देतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. घरोघरी तो १९२.१६८ ने सुरू होतो. संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिल्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राऊटरकडून काही उत्तरच आले नाही आणि संगणकाने स्वतःच स्वतःला तात्पुरता क्रमांक देऊन टाकला, असा अर्थ होतो. केबल सैल असेल किंवा राऊटर अडकला असेल.

संगणक केंद्रात आणखी एक प्रकार घडतो. कोणीतरी जुना राऊटर स्विचला जोडून ठेवतो. मग पत्ते वाटणारे दोघे होतात. काही संगणकांना खरा पत्ता मिळतो, काहींना चुकीचा. त्यामुळे निम्मे चालतात, निम्मे नाहीत आणि बंद-चालू केल्यावर कोणाचे चालणार ते बदलते. असे दिसले की स्विचमध्ये नवे काय जोडले ते शोधावे.

पायरीपायरीने तपासण्यासाठी ‘पिंग’ ही आज्ञा आहे. ती दिलेल्या पत्त्याला हाक मारते आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते सांगते. पहिली हाक राऊटरला, बहुधा १९२.१६८.१.१. उत्तर आले तर घरातली वाट ठीक. दुसरी हाक ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला. उत्तर आले तर बाहेरची लाईनही ठीक. तिसरी हाक एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था अडली आहे. टपाल चालू आहे, पत्त्यांची वही हरवली आहे. सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकल्यास तेवढ्यावर काम भागते.

शाळांतल्या आणि कार्यालयांतल्या जुन्या संगणकांचा एक आजार मात्र सगळ्यांना चकवतो. पिंग ठीक, वायफाय ठीक, तरी प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणते. अशा वेळी कोपऱ्यातली तारीख पाहावी. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो, वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते. मागच्या तारखेला ती वैध दिसत नाहीत. ‘सीआर २०३२’ हा साधा सेल बदलला की आजार बरा.

एका तारेने अडलेले रुग्णालय

स्विचमधून निघालेल्या केबलचे दुसरे टोक चुकून त्याच स्विचमध्ये खोचले तर काय होते? सगळ्यांना उद्देशून पाठवलेला संदेश त्या वाटेने फिरून परत येतो, पुन्हा सगळ्यांकडे जातो, पुन्हा फिरतो. काही क्षणांत जाळे या आवर्तनांनीच भरून जाते. स्विचवरचे सगळे दिवे एकदम, वेड्यासारखे फडफडू लागतात आणि कोणाचेच काम होत नाही. टेबल झाडताना मोकळे टोक दिसले म्हणून कोणीतरी ‘व्यवस्थित’ खोचून ठेवते आणि पूर्ण कार्यालय बसते. उपाय : एकेक केबल काढत जावे. ज्या केबलनंतर दिवे शांत होतात ती दोषी.

हा किरकोळ प्रकार नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरातील बेथ इस्रायल डिकनेस या मोठ्या रुग्णालयाचे संगणक जाळे अशाच स्वरूपाच्या बिघाडाने कोलमडले. जाळ्याला वर्षानुवर्षे तुकडे जोडत गेल्याने, संदेश गोल फिरू नयेत म्हणून असलेली सुरक्षा व्यवस्थाच तोकडी पडली. सुमारे चार दिवस तिथे औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे निकाल कागदावर लिहून माणसांच्या हाती पोचवावे लागले. रुग्णालयाने हा प्रकार लपवला नाही, जाहीरपणे मांडला आणि तो इतरांसाठी धडा ठरला. कागदाची पर्यायी व्यवस्था तयार असलीच पाहिजे, हा त्यातला एक धडा उपकेंद्राच्या नोंदवहीलाही लागू आहे.

कडाडणारी वीज आणि जाणारी वीज

वळवाच्या आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात विजा पडतात. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून ओढलेली तांब्याची लॅन केबल ही अशा वेळी धोक्याची वाट असते. वीज थेट केबलवर पडायलाच हवी असे नाही. जवळपास पडली तरी दोन्ही इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो आणि तो केबलमधून दोन्हीकडची यंत्रे जाळून जातो. इमारतींमधले अंतर फायबरने जोडावे. काच वीज वाहून नेत नाही. मात्र बाहेरून घरात येणाऱ्या फायबरसोबत ताणासाठी लोखंडी तार असते, ती डब्यापर्यंत नेऊ नये. ढग गडगडू लागले की राऊटरचा प्लग आणि तांब्याची केबल दोन्ही काढून ठेवावीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेचा आगाऊ इशारा देते. आधी माणसे आत घ्यावीत, मग प्लग काढावा.

वीज गेल्यावर काय, हा रोजचा प्रश्न. राऊटरसाठी हातावर मावणारे छोटे यूपीएस मिळतात. ते घेण्याआधी आपली लाईन कोणत्या प्रकारची आहे ते विचारावे. घरोघरच्या फायबरमध्ये प्रकाश वाटणारे खांबावरचे डबे विजेशिवाय चालतात, त्यामुळे गावात वीज नसतानाही नेट राहू शकते. खांबावर विजेवर चालणारा स्विच असेल तर आपल्या यूपीएसचा उपयोग नाही.

दोष आपल्याकडे नसतो तेव्हा

रस्ता, पाइपलाइन, नाली यांसाठी जेसीबी चालला की फायबर तुटते. केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा असे फायबर तुटते आणि सुमारे ३ हजार कोटी रुपयांचे नुकसान होते. हे टाळण्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झाले. खोदण्याआधी त्यावर नोंद केली की जमिनीखाली कोणाच्या तारा आहेत ते कळते. ग्रामपंचायतीने खोदकामाला परवानगी देताना ही अट घातली तर गावाचे बरेच तास वाचतील.

कधी नेट मुद्दाम बंद केलेले असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात जालन्यासह छत्रपती संभाजीनगर आणि बीड जिल्ह्यांत इंटरनेट सेवा काही तास थांबवण्यात आली होती. अशा वेळी दुरुस्तीला काही नसते. दवाखान्याकडे फोनवरून सल्ला घेण्याचे क्रमांक आणि कागदी नोंदींची सोय हवी.

‘स्लो’ची प्रत्येक तक्रारही बिघाडाची नसते. ४० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर फाइल सेकंदाला ५ एमबीनेच उतरते, कारण आठ बिट मिळून एक बाइट होतो. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताना चित्र गोठत असेल, तर त्याच वायफायवरच्या एखाद्या मोबाईलचे फोटो आपोआप वर चढत नाहीत ना, हे आधी पाहावे.

लहरींची भीती किती?

राऊटर उशाशी असल्याने डोके दुखते, असे काहींना वाटते. वायफायच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत. अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. राऊटरची प्रक्षेपण शक्ती साधारण एका वॉटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ती चौथाईवर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२ ब’ गटात ठेवले. या गटाचा अर्थ ‘शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा मर्यादित’ असा होतो. ज्यांना शंका आहे त्यांनी राऊटर अंथरुणापासून दूर ठेवावा. तसा तो ठेवल्याने सिग्नलही बहुधा सुधारतोच.

भिंतीवर एक कागद

प्रत्येक उपकेंद्रात, शाळेत आणि सेतू केंद्रात राऊटरशेजारी एक कागद चिकटवलेला असावा. त्यावर कंपनीचा तक्रार क्रमांक, ग्राहक क्रमांक, सगळे ठीक असताना कोणते दिवे लागतात, प्रकाशाचा शेवटचा आकडा आणि प्रत्येक बिघाडाची तारीख लिहावी. वायफायचा आणि राऊटरचा पासवर्ड मात्र या कागदावर नको, तो जबाबदार माणसाच्या वहीत हवा. राऊटरचा मूळचा ‘ॲडमिन’ हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. राऊटर बंद-चालू करायचा असेल तर प्लग काढून अर्धा मिनिट थांबावे. टाचणीने दाबायचे ‘रिसेट’चे बटण ही वेगळी गोष्ट आहे. ते दाबले की कंपनीने भरलेल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात आणि चालू होऊ शकणारे नेट पूर्ण बंद पडते.

तक्रार करताना ‘नेट नाही’ म्हणू नये. ‘सकाळी दहापासून एलओएसचा दिवा लाल आहे, फायबर कुठे दुमडलेले नाही, अडॅप्टर ठीक आहे’ असे सांगावे. मग फायबर जोडण्याचे यंत्र सोबत असलेला माणूसच पहिल्या फेरीत येतो. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ त्याच कागदावर लिहून ठेवावी.